अ‍ॅप रजिस्टर केलं, तरी लॉगिन होईना

रात्रपाळी: क्लाउड आयडेंटिटी सर्व्हिसमध्ये (लॉगिन सांभाळणारी सेवा) अ‍ॅप रजिस्टर केलं, क्लायंट आयडी मिळाला. माझ्या मशीनवर लॉगिन मस्त चालतं. सर्व्हरवर टाकलं की ‘रीडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर परत यायचा पत्ता) जुळत नाही’. दोन तास रजिस्टर केलेला आणि सर्व्हरवरचा, असे दोन्ही पत्ते एकाखाली एक ठेवून बघतोय, डोळे गेले!

अर्धविराम: शेवटची तिरकी रेघ बघ. ‘/कॉलबॅक’ आणि ‘/कॉलबॅक/’ त्या सर्व्हिसच्या लेखी दोन वेगळे पत्ते. आणि एचटीटीपीएस आहे ना? साधं एचटीटीपी सहसा लोकलहोस्टपुरतंच (आपल्याच मशीनपुरतं) चालवून घेतात.

जुनाखांब: क्लायंट सीक्रेट (अ‍ॅपचा पासवर्डच म्हण) ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये तर नाही ना ठेवलंस? तिथे काहीच गुपित राहत नाही. पीकेसीई वापर (दर लॉगिनला नवा, एकदाच चालणारा कोड), २०१५ पासून आरएफसी ७६३६ हे इंटरनेट मानक आहे त्यासाठी.

रात्रपाळी: रेघच होती राव! सीक्रेटबद्दल मात्र... गप्प बसतो. आत्ताच रद्द केलं.