मदत हवी आहे: बॅकग्राउंडचा फोटो लॅपटॉपवर दिसतो, वेबसाइटवर गायब

नेरूळची_निरीक्षक

नमस्कार मंडळी. नेरूळला आमचा पक्षीनिरीक्षणाचा एक छोटा गट आहे. रविवारी सकाळी कधी डीपीएस तलाव, कधी ऐरोलीची खाडी. गटासाठी एकाच पानाची साधी वेबसाइट करतेय. वर्डप्रेस वगैरे काही नाही, एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहिलंय. भाच्याला विचारलं असतं, पण त्याची परीक्षा चालू आहे.

पानाच्या माथ्यावर रोहित पक्ष्यांच्या थव्याचा फोटो बॅकग्राउंडला लावलाय. लॅपटॉपवर पान उघडलं की झकास दिसतो. तेच सगळं होस्टिंगवर चढवलं की फोटो गुल. आणि वरचं शीर्षकही दिसत नाही, कारण अक्षरं पांढरी आणि आता मागेही पांढरंच.

त्याखाली 'पाणथळ जागा' म्हणून एक पट्टा आहे. तिथे मजकूर नाही, फक्त ओहोटीच्या वेळच्या चिखलपट्टीचा फोटो हवाय. तो तर लॅपटॉपवरही दिसत नाही. आधी त्यात दोन ओळी होत्या आणि सीएसएस पानातच लिहिली होती, तेव्हा दिसायचा. आता सीएसएसची वेगळी फाइल केलीय, ती स्टाइल नावाच्या फोल्डरमध्ये आहे. फोटो इमेजेस फोल्डरमध्ये. दोन्ही फोल्डर पानाच्या शेजारीच.

फोनवरून लिहितेय, म्हणून कोड देवनागरीतच टाइप करते:

माथा: बॅकग्राउंड-इमेज: यूआरएल(../इमेजेस/फ्लेमिंगो.जेपीजी); बॅकग्राउंड-साइझ: कव्हर; बॅकग्राउंड-अटॅचमेंट: फिक्स्ड;

पट्टा: बॅकग्राउंड-इमेज: यूआरएल(इमेजेस/चिखल.जेपीजी); बॅकग्राउंड-साइझ: कव्हर;

कळवा_स्लो

कंट्रोल दाबून एफ५. जुनं पान कॅशेमधून, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रतीतून येत असणार.

नेरूळची_निरीक्षक

केलं. इन्कॉग्निटोमध्येही बघितलं. तेच.

नौपाड्याचे_नाना

ताई, अंदाजाने बाण मारत बसण्याआधी ब्राउझरलाच विचारा. तीन प्रश्न आहेत. त्याने फोटो मागितला का? मागितला तर मिळाला का? मिळाला तर तो दाखवायला पानावर जागा होती का? बॅकग्राउंडच्या बहुतेक तक्रारी या तिनातल्या कुठल्यातरी एका ठिकाणी सापडतात.

लॅपटॉपवर क्रोममध्ये वेबसाइट उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, वरच्या फिल्टरमधून फक्त इमेज निवडा आणि पान रिफ्रेश करा. फोटोंची यादी येईल, प्रत्येकापुढे एक आकडा असेल.

यादीत फोटोचं नावच नसेल तर ब्राउझरने तो मागितलेलाच नाही, म्हणजे तुमचा नियम लागू होत नाहीये. एखादा कंस किंवा सेमीकोलन राहिलं असेल, क्लासचं नाव पानात एक आणि सीएसएसमध्ये दुसरं असेल, नाहीतर सीएसएसची फाइलच चढली नसेल. आणखी एक छुपा चोर म्हणजे खाली कुठेतरी लिहिलेलं नुसतं 'बॅकग्राउंड: व्हाइट'. हा शॉर्टहँड फक्त रंग बदलत नाही, आधी दिलेला फोटोही पुसून टाकतो. एलिमेंट्स टॅबमध्ये त्या भागावर क्लिक करा. उजवीकडे नियमावर काट मारलेली दिसली की समजायचं, कोणीतरी त्याच्यावर कुरघोडी केलीय.

फोटोपुढे ४०४ असेल तर पत्ता चुकलाय. ४०३ असेल तर सर्व्हर फोटो द्यायला नकार देतोय. दुसऱ्याच्या साइटवरचा फोटो थेट लावला की पुष्कळदा हे होतं. २०० किंवा ३०४ असून दिसत नसेल तर फोटो नीट आलाय, घोळ तुमच्या डब्याच्या (पानावरच्या त्या भागाच्या) उंचीत किंवा झेड-इंडेक्समध्ये (कोणता थर वर, कोणता खाली) शोधा.

तुमच्या पट्ट्याचा पत्ता मात्र मला इथे बसूनही चुकीचा दिसतोय. सीएसएसमधला सापेक्ष पत्ता सीएसएसची फाइल जिथे असेल तिथून मोजतात, पानापासून नाही. फाइल स्टाइल फोल्डरमध्ये गेली, त्यामुळे ब्राउझर आता स्टाइलच्या आत इमेजेस शोधतोय. माथ्याला दिलंय तसं ../ पट्ट्यालाही लावा, म्हणजे आधी एक पायरी वर, मग इमेजेसमध्ये.

माथ्याचा पत्ता बरोबर आहे आणि तरी फक्त सर्व्हरवर दिसत नाही, म्हणून मला स्मॉल-कॅपिटलची शंका येतेय. फोल्डर उघडून नाव अक्षर न् अक्षर तपासा, एक्स्टेन्शनसकट. विंडोजला स्मॉल काय आणि कॅपिटल काय, दोन्ही सारखंच. होस्टिंग बहुधा लिनक्सवर असतं आणि लिनक्स अक्षराच्या बाबतीत सोवळ्यातला.

आणि काहीही निघो, माथ्याला बॅकग्राउंड-कलर गडद द्या. फोटो यायला उशीर झाला किंवा आलाच नाही, तरी पांढरी अक्षरं वाचता येतात.

नेरूळची_निरीक्षक

नाना, माथ्यापुढे ४०४ होता! कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीचं जेपीजी कॅपिटलमध्ये आहे, कोडमध्ये स्मॉल. नाव बदलून परत चढवलं आणि थवा उतरला एकदाचा. गडद निळा रंगही दिलाय.

पट्ट्याला ../ लावलं. आता त्याच्यापुढे २०० येतोय. पण पानावर काहीच नाही. हे काय गौडबंगाल?

घणसोली_साडेसातची

गौडबंगाल काही नाही, नानांचा तिसरा प्रश्न. पट्ट्यातला मजकूर काढलात ना? आत काही नसलेल्या डिव्हची, म्हणजे रिकाम्या डब्याची उंची शून्य. बॅकग्राउंड डब्याला स्वतःची उंची देत नाही, असलेल्या उंचीत भरतो. फोटो आलाय, पण शून्य पिक्सेलमध्ये दिसणार काय?

मिन-हाइट: ३०० पिक्सेल द्या, लगेच दिसेल. हाइट: १०० टक्के देऊ नका. टक्के बाहेरच्या डब्याच्या उंचीवर मोजतात आणि त्याला ठरावीक उंची नसली तर तुमच्या शंभर टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. यावर मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीय.

नौपाड्याचे_नाना

मिन-हाइटने दिसेल, पण माझं मत वेगळं आहे. तो पट्टा बॅकग्राउंडने करूच नका. चिखलपट्टीचा फोटो ही सजावट नव्हे, पक्षी तिथे कशासाठी येतात हे तो फोटोच सांगतो. माहिती देणारा फोटो इमेज टॅगने लावावा, ऑल्टमध्ये एक ओळ वर्णन लिहावं. दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर ते वर्णन वाचून दाखवतं, बॅकग्राउंडचा फोटो त्याच्या गावीही नसतो. शिवाय इमेज टॅग स्वतःची उंची घेऊन येतो, त्यामुळे हा शून्य उंचीचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रिंट काढलं तरी येतो. बॅकग्राउंड बहुतेक ब्राउझर प्रिंटमध्ये मुद्दाम गाळतात, 'बॅकग्राउंड ग्राफिक्स'वर टिक करावी लागते. आमच्या सोसायटीच्या सूचनापत्रकांवरचा लोगो प्रत्येक वेळी याच कारणाने गायब व्हायचा आणि बिचाऱ्या प्रिंटरला शिव्या बसायच्या.

आणि हो, सर्व्हरवरची जुनी कॅपिटलवाली फाइल काढून टाका. लिनक्सच्या लेखी त्या आता दोन वेगळ्या फाइली आहेत.

घणसोली_साडेसातची

इमेज टॅगचं पटलं. माझं उत्तर माथ्यासारख्या भागांसाठी धरा.

नेरूळची_निरीक्षक

पट्टा इमेज टॅगने केला, मस्त दिसतोय. जुनी फाइलही काढली.

आता शेवटचं एक. गटातल्या एका काकूंकडे आयफोन आहे. त्यांच्या फोनवर माथ्याचा फोटो येतो, पण प्रचंड मोठा आणि धूसर. म्हणे नुसता गुलाबी डाग दिसतोय. माझ्या अँड्रॉइडवर एकदम व्यवस्थित आहे. थवा आहे हे काकूंना पटवायचं कसं?

कळवा_स्लो

माझा पहिला नेम चुकला, हा घ्या दुसरा. बॅकग्राउंड-अटॅचमेंट: फिक्स्ड काढा. आयफोनच्या सफारीचं फिक्स्डशी पहिल्यापासून वाकडं आहे. फिक्स्ड आणि कव्हर एकत्र आले की ती फोटो डब्याच्या मापाने न बसवता अख्ख्या लांबलचक पानाच्या मापाने ताणते. म्हणून काकूंना एखाद्या पक्ष्याचं पोट तेवढं दिसत असणार.

अनोळखी_खारघर

मधेच घुसतोय, माफ करा. माझंही असंच आहे, पण मला मिळतोय २००, डब्याला उंचीही आहे. आयफोनवर काढलेला फोटो, नाव बदलून शेवटी जेपीजी केलंय. सफारीत दिसतो, क्रोममध्ये नाही.

घणसोली_साडेसातची

नाव बदलून आतला माल बदलत नाही. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो हाइक फॉरमॅटमध्ये साठवतो, आणि क्रोम तो उघडत नाही. फोटो एखाद्या एडिटरमध्ये उघडून 'एक्सपोर्ट'मधून खरा जेपीजी बनवा. पुढच्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा.

अनोळखी_खारघर

एक्सपोर्ट केला, आला! धन्यवाद.

नेरूळची_निरीक्षक

कळवा_स्लो, फिक्स्ड काढून फाइल चढवली, माझ्या लॅपटॉपवर बदल दिसतोय. काकूंकडे अजून डागच.

कळवा_स्लो

आता मात्र खरंच कॅशे! त्यांच्या फोनमध्ये जुनी सीएसएस बसलीय. काकूंना सेटिंग्जमध्ये पाठवू नका. पानात जिथे सीएसएसची लिंक आहे तिथे फाइलीच्या नावाला जोडून ?व्ही=२ लिहा आणि पान परत चढवा. ब्राउझरला वाटतं ही वेगळीच फाइल आहे, तो नवी आणतो. पुढच्या बदलाला ३ करा.

नौपाड्याचे_नाना

कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा चढवलाय का? नेटवर्क टॅबमध्ये साइझचा रकाना बघा.

नेरूळची_निरीक्षक

८ एमबी आहे. जास्त होतो का?

नौपाड्याचे_नाना

माथ्याच्या फोटोला फार होतो. लोकलमध्ये ऐरोली-ठाणे पट्ट्यात कोणी पान उघडलं तर गाडी ठाण्याला लागेल तरी तुमचा थवा उतरायचा नाही. रुंदी १९२० पिक्सेल करा आणि जेपीजीची क्वालिटी ७०-७५ ठेवून सेव्ह करा. काही शे केबीत बसेल, डोळ्याला फरक कळणार नाही. चिखलपट्टीचंही तसंच करा, आणि तो खालचा फोटो असल्यामुळे इमेज टॅगला लोडिंग: लेझी लावा. ही सोय इमेज टॅगला आहे, सीएसएस बॅकग्राउंडला नाही.

नेरूळची_निरीक्षक

केलं. ८ एमबीचे ३४० केबी झाले. ?व्ही=२ नंतर काकूंचा फोन आला, त्यांना थवा दिसला आणि त्यांनी लगेच शीर्षकाखालच्या ओळीतली चूकही काढली. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झालं आणि पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२२ मध्ये गेलं, मी दोन्हीला एकच साल टाकलं होतं. अक्षरं दिसत नव्हती तोवर कोणाच्या लक्षात येणार!

ते दुरुस्त करून परत चढवते. सगळ्यांचे आभार.

नौपाड्याचे_नाना

धाग्याच्या नावापुढे 'सुटलं' लिहून ठेवा, शोधणाऱ्याला बरं पडतं.