मदत हवी आहे : वासोट्याच्या पायथ्याशी वडील थांबू शकतील का?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी, बामणोलीहून वासोटा किल्ला करायचा आहे. आम्ही पाच जण. त्यांत वडील 68 वर्षांचे, गुडघ्याचा त्रास असल्यामुळे गड चढणार नाहीत. पण शिवसागर जलाशयातून लाँचचा प्रवास आणि पलीकडचं कोयनेचं जंगल त्यांना बघायचंच आहे, आणि मलाही ते त्यांना दाखवायचंच आहे.

अभयारण्यात मुक्कामाला बंदी आहे, हे माहीत आहे. आदल्या रात्री बामणोलीतच राहू, पहिली लाँच धरू. सगळ्यांची आधार कार्डं घेतली आहेत, प्लास्टिक जवळजवळ नाहीच. पुढची नागेश्वरची गुहा यावेळी करणार नाही.

अडचण एवढीच : आम्ही चढून उतरेपर्यंत चार-पाच तास वडिलांनी पायथ्याच्या मेट इंदवलीला थांबायचं आहे. फोनवर दोघांना विचारलं, एक म्हणाले चालेल, दुसरे म्हणाले एकट्याला थांबता येणार नाही. त्यांच्याजवळ थांबायला भाऊ तयार आहे. तापोळ्याला नुसती बोटीची फेरी हा पर्याय सुचवू नका, ती झाली आहे.

गेल्या एक-दोन वर्षांत कुणी असं केलंय का? तिथे वनखात्याच्या चौकीजवळ सावलीत बसू देतात का, की लाँचमध्येच थांबावं लागतं?