तार चिकटवलेली नसते, बांधलेली असते
दात सरळ करणारी तार ब्रॅकेटला, म्हणजे प्रत्येक दातावर बसवलेल्या छोट्या तुकड्याला, चिकटवलेली असते, असे काही जण म्हणतात. त्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. चिकटवलेला असतो तो ब्रॅकेट, तोही दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण थरावर. तार मात्र ब्रॅकेटच्या मधल्या, साधारणतः ०.०१८ किंवा ०.०२२ इंच उंचीच्या खाचेत नुसती बसवलेली असते, आणि ती बाहेर निसटू नये म्हणून ब्रॅकेटच्या पंखांखालून (कडेला बाहेर आलेल्या छोट्या भागांखालून) लिगेचर, म्हणजे इवलीशी रबरी कडी किंवा पोलादाची बारीक तार, अडकवतात. पोलादी लिगेचर पीळ देऊन आवळतात आणि उरलेले टोक कापून मुख्य तारेखाली दाबतात. ते वर आले की गालाला टोचू लागते. रबरी कडी लावायला सोपी, पण तोंडातल्या ओलाव्यात काही आठवड्यांतच तिचा ताण कमी होतो, म्हणून ती बहुधा दर भेटीत बदलतात. (पारदर्शक कडी निवडणाऱ्यांनी आपल्या आमटीतल्या हळदीचा विचार आधीच करावा, तिने कडी लवकर पिवळी पडते.) मुख्य तारेची टोके मागच्या दाढेवरच्या नळीत शिरतात, आणि तार सरकू नये म्हणून अनेकदा ती नळीमागे किंचित वाकवतात. सेल्फ-लिगेटिंग ब्रॅकेटमध्ये कडीऐवजी सरकते झाकण किंवा क्लिप असते. मात्र त्यामुळे उपचार लवकर संपतात, हा जाहिरातींतला दावा चाचण्यांतून सिद्ध झालेला नाही.