मदत हवी आहे: हतनूरच्या काठावर गळ टाकणाऱ्या आमच्या गेलेल्या सोबत्यांची आठवण कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसणारे आम्ही नऊ जण होतो. क्लब म्हणायचो, पण नोंदणी कधी केली नाही. दर रविवारी भेटायचं आणि कुणाला काय लागलं ते वहीत लिहायचं, एवढंच. आता तिघे उरलो आहोत. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सहाही जणांची एकत्र आठवण करायची ठरवलंय आणि तीन ठिकाणी अडलोय.

पहिली अडचण वहीची. मागच्या पावसाळ्यात कपाटात ओल शिरली आणि निम्मी पानं एकमेकांना चिकटली. त्या वहीत माणसं आहेत हो. घरच्यांना आपला माणूस मासे धरायला जायचा एवढंच ठाऊक; तो तिथे कसा होता हे त्या पानांवर आहे. मास्तर मृगळाचे. मृगळ तळाशी चरतो, म्हणून त्यांचा गळ कायम तळाला. तीन-तीन तास हूं की चूं नाही. रेल्वेतले आबा कटल्याचे. कटला वरच्या पाण्यात फिरतो, तर यांची नजर वरच. शेंगदाण्याच्या ढेपेचे गोळे स्वतः मळायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. गाडी उशिरा आली तरी ड्यूटी संपवून थेट पाण्यावर.

आणि चाचा. मरळ धरावी तर चाचांनी. मरळ हवा घ्यायला वर येते, तेवढ्या एका बुडबुड्यावरून ते जागा सांगायचे. पण गवतात लाल पिल्लांचा थवा दिसला की खाली राखणीला आई-बाप आहेत हे ओळखून गळ गुंडाळायचे आणि आम्हालाही गुंडाळायला लावायचे. त्या दिवशी त्या डोहात कुणी गळ टाकायचा नाही. हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि आजही पाळतो.

दुसरी अडचण चाचांच्या घागरीची. आखाजीला आपल्याकडे गेलेल्याच्या नावानं घागर भरतात, वर डांगर (खरबूज), आंबा, सांजोरी ठेवतात. आम्हाला सहा घागरी काठावर भरायच्या आहेत. चाचांच्या धर्मात घागर भरत नाहीत; त्यांच्या नावानं भरली तर त्यांच्या घरच्यांना कसं वाटेल? त्यांना वगळायचं तर माझ्या मनाला पटत नाही. विचारायचं कसं?

तिसरं, बसायच्या जागेवर नावांचा एक दगड बसवावा असं दोघांचं म्हणणं आहे. चालेल का?

प्रतिसाद १

दादा, वहीची पानं ओढू नका आणि उन्हातही ठेवू नका. सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. ओलसर असतील तर सुटलेल्या पानांमध्ये साधा कोरा कागद घाला आणि रोज बदला. जी सुटत नाहीत ती तशीच राहू द्या. सुटलेल्या पानांचे फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा. शाई उडालेली असली तरी पेनानं कागद दबलेला असतो, ती खूण तिरप्या उजेडात दिसते. माझ्या वडिलांचं जमाखर्चाचं बाड मी असंच वाचलं.

दगडाचं म्हणाल तर फुगवट्याच्या काठची जमीन पाटबंधारे खात्याची. लेखी परवानगी लागेल. शिवाय ती गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी) असेल तर पावसाळ्यात पाण्याखालीच जाणार. त्यापेक्षा वर, रस्त्याकडेला कुणाच्या मालकीच्या बांधावर, शेतकऱ्याला विचारून झाड लावा.

चाचांच्या घरी तिघांनी मिळून जा. फोनवर विचारू नका. सोबत वहीतलं त्यांचं पान न्या.

प्रतिसाद २ (धागा काढणारा)

मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं केलं, अकरा पानं सुटली. चाचांच्या घरी काल जाऊन आलो. मुलानं पान दोनदा वाचलं आणि आत आईला नेऊन दाखवलं. लाल पिल्लांची गोष्ट त्यांना कुणालाच माहीत नव्हती. माउली म्हणाल्या, "घागर भरा, पण पाणी नुसतं ओतून देऊ नका, कुणाला तरी प्यायला द्या." आता सहाही घागरी रस्त्याकडेला ठेवणार, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. दगड रद्द. बांधावर कडुलिंब लावणार, शेतकरी तयार आहे.

आता एकच माणूस राहिला. वहीत नुसतं "काका, यावल" लिहिलंय. यष्टीनं यायचे, पिशवीत केळी असायची, आल्याबरोबर विचारायचे, "काय भो, लागलं का काही?" मोरपिसाच्या काडीचा तरंग (मासा लागला की बुडणारी, पाण्यावरची खूण) स्वतः बनवायचे आणि काडीवर लाल दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे. लॉकडाऊननंतर आले नाहीत. गेल्याचं बस कंडक्टरकडून कळलं, पण नाव ना त्याला ठाऊक ना आम्हाला. इतकी वर्षं शेजारी बसलो आणि विचारलं नाही, ही खंत मोठी आहे.

त्यांची बांबूची काठी माझ्याकडे आहे. यावल, फैजपूरकडच्या कुणाच्या घरातलं वडीलधारं माणूस रविवारी हतनूरला जात असेल आणि घरात लाल दोऱ्याच्या तशा काड्या सापडल्या असतील, तर इथे कळवा. काठी घरी आणून देईन.