पडदा दिसला की काप, ही कुठली पद्धत?

जुळे सोलापूरकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, 'बाळ नीट पीत नाही म्हणजे जीभ खालच्या पडद्यानं चिकटलेलीच. तो लेझरनं कापून टाका, दोन मिनिटांचं काम.' वाचून डोकं फिरलं. जिभेखाली पडदा असूनही कितीतरी बाळं छान पितात. आधी आईशेजारी बसून पाजणं बघा. तोंड मोठं उघडतंय का? स्तनाग्राभोवतीचा काळा भाग तोंडात जातोय का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२४ मध्ये हेच सांगितलंय. लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचाही पुरावा नाही.

होटगी रोडची आई: बोलायला काय जातंय ओ? मला चिरा पडून रक्त यायचं. सगळ्यांचं एकच, 'पहिलटकरीण आहे, शिकेल.' पोरीचं वजन दोन आठवडे झाले तरी जन्माएवढं होईना. शेवटी कात्रीनं कापलं, थेंबभर रक्त आलं, लगेच अंगावर घेतलं. तेव्हा कुठं न रडता पाजलं मी.

जुळे सोलापूरकर: एका बाळावरून नियम होत नाही. कॉक्रेन ही संस्था उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१७ च्या आढाव्यात पाच चाचण्या, ३०२ बाळं होती. आईचं दुखणं काही दिवस कमी झालं, बाळाच्या पिण्यात ठाम फरक दिसला नाही.

होटगी रोडची आई: आईचं दुखणं कमी झालं, हे मोजायचंच नाही का?

अक्कलकोट रोड: जीभ राहू द्या, खरा घोळ डब्याचा आहे. माझी सून शुद्धीवर यायच्या आत नातवाला पावडरचं दूध पाजलं. १९९२ च्या कायद्यानं डब्याच्या जाहिरातीला बंदी आहे, तरी कंपनीचं नाव दवाखान्यातच कळतं!

आजी, विजापूर वेस: डबा कशाला, मधाचं बोट चाटवा. माझी चारही पोरं त्यावरच वाढली.

सिस्टर: आजी, हात जोडते. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. बाळ लुळं पडतं, श्वास अडकतो.

आजी, विजापूर वेस: मला शिकवू नका. तुमच्या जन्माआधीपासून बाळंतपणं करतेय मी.

सिस्टर: केली असतील. मध तरी नकोच. आणि जिभेखालचा पडदा कापायचाच असेल तर रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन झालंय का ते आधी विचारा.

जुळे सोलापूरकर: बरं. पाजणं सुधारूनही वजन वाढेना, जखमा भरेनात, तर कापा. एवढं मान्य. लेझरचं मात्र नाही.

होटगी रोडची आई: मग पाजणं बघणारं माणूस प्रत्येक प्रसूती वॉर्डात बसवा. माझ्याजवळ डिस्चार्जपर्यंत कुणी फिरकलं नव्हतं.