दिवा लागला म्हणजे पंपच गेला असं नाही

गरम इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि मेकॅनिक थेट ऑइल पंप बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगमधल्या (इंजिनातल्या फिरत्या भागांच्या आधारांमधल्या) अरुंद फटींतून ऑइल जाताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. बेअरिंग झिजून फटी वाढल्या की नवाकोरा पंप टाकूनही दिवा लागतोच, कारण गरम ऑइल पातळ असतं आणि आयडलला पंप हळू फिरतो.

आधी डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी बघा. मग हा दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून त्या जागी प्रेशर मोजणारा साधा मेकॅनिकल गेज लावून घ्या. गेजवर प्रेशर ठीक आलं तर स्विच किंवा वायरिंग खराब, विषय संपला. कमी आलं तर ऑइल पॅन (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून पंपाची जाळी बघा. मागच्या कामात कोणी पॅनला गळती रोखायचं सिलिकॉन सढळ हाताने फासलं असेल, तर आत निघालेले त्याचे रबरी तुकडे जाळीवर चिकटलेले सापडतात. पंपाकडे ऑइल नेणाऱ्या सक्शन पाइपची ओ-रिंगही (रबरी कडी) चाचपा. कडक झाली की पंप हवा ओढतो. जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी लक्षण हेच.

एवढं करून पंप बदलायची वेळ आलीच, तर बसवण्याआधी त्यात ऑइल भरा. कोरडा पंप सुरुवातीला ऑइल उचलत नाही.

आणि हो, चालत्या गाडीत दिवा लागून राहिला तर इंजिन लगेच बंद. "गॅरेजपर्यंत जाईल" हा हिशेब फार महागात पडतो.