पाकिटाचा रंग फोटोत एक, हातात दुसरा. चुकतंय कुठे?

दोनसुया

नमस्कार. तीन वर्षं झाली, मी चामड्याची पाकिटं, चष्म्याची घरं आणि वह्यांची कव्हरं हाताने शिवते. मशीन नाही. दोन सुया, एक मेण लावलेला दोरा आणि आरी. चामडं फक्त व्हेज-टॅन, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, आणि तेही न रंगवलेलं. त्याचा तो मूळचा फिकट, मधाकडे झुकणारा रंग मला फार आवडतो. त्याच रंगासाठी मी या कामात पडले, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच एक पाकीट परत आलं. सोबत चिठ्ठी होती. काम सुंदर आहे, टाके मोजून पाहिले, पण मी फिकट रंगाचं मागवलं होतं आणि हे तपकिरी आहे, असं त्यात लिहिलं होतं. भांडण नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. पाकीट फोटोशेजारी धरून पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं आहे. दोन्ही एकच वस्तू आहेत असं मलाही वाटेना.

फोटो कसा काढते ते सांगते. टेबलावर काळं सुती कापड, डाव्या हाताला खिडकी, वर घरातला पिवळसर दिवा चालू. मोबाइल हातात, बरोबर वरून, जवळ जाऊन. बाकी सगळं ऑटोवर. पाकीट शिवून झालं की त्याच संध्याकाळी फोटो काढते. मग हलका हात तेलाचा, आणि पाकीट खिडकीजवळच्या फळीवर, विकलं जाईपर्यंत. हे पाकीट तिथे दोन महिने होतं.

दुसरी अडचण अशी की माझ्या फोटोंत चामडं चामडं वाटतच नाही, रबराचं किंवा प्लास्टिकचं वाटतं. वस्तू हातात घेतली की लोक ती खाली ठेवत नाहीत, फोटो पाहून मात्र पुढे सरकतात. मोठा कॅमेरा घ्यावा का? की प्रश्न दुसरीकडेच आहे?

उजेड

कॅमेरा घेऊ नका. आधी वरचा दिवा बंद करा. खिडकीचा उजेड निळसर असतो, दिव्याचा पिवळा. मोबाइल दोघांचा मध्य काढायला जातो आणि पाकिटाची एक बाजू केशरी तर दुसरी मेलेली दिसते. एका वेळी एकच उजेड.

दुसरं काळ्या कापडाबद्दल. ऑटोवरचा कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम उजळ करायला बघतो. तीन चतुर्थांश चौकट काळी असेल तर त्याला वाटतं फार अंधार आहे, म्हणून तो सगळंच उजळवतो आणि त्यात पाकीट फिकट होतं. पांढऱ्या कागदावर ठेवलंत तर उलटं होईल, पाकीट काळवंडेल. मधल्या करड्या रंगाचा पुठ्ठा घ्या, निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. नाहीतर काळ्यावरच ठेवून पडद्यावर पाकिटावर बोट दाबा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, पडद्यावरचं पाकीट आणि टेबलावरचं पाकीट सारखं दिसेपर्यंत.

आणि इतकं जवळ जाऊ नका. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद असते, जवळून चौकोनी पाकिटाचा जवळचा कोपरा फुगतो. दोन हात मागे या आणि २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, वापरा.

जुनी आरी

ताई, वरचा सल्ला बरोबर आहे, पण तो तुमच्या अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचा फोटो खोटा होताच, पण पाकीटही बदललं होतं.

तुम्ही लिहिलंय की फोटो शिवल्या संध्याकाळी, मग तेल, मग दोन महिने खिडकीजवळ. न रंगवलेलं व्हेज-टॅन उन्हाने गडद होतं. नुसत्या खिडकीतल्या उजेडानेही होतं, फक्त सावकाश. त्यातलं टॅनिन उजेड आणि हवेने रंग बदलत जातं, आणि तेलाने तो आणखी खोल जातो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं असतं तर इतका फरक पडला नसता. म्हणजे तुम्ही जन्माच्या दिवशीचा फोटो लावला आणि दोन महिन्यांचं मूल पाठवलंत. वर काळ्या कापडाने जन्माचा फोटोही जास्तच गोरा करून ठेवला होता. दोन चुका एकाच दिशेने गेल्या, म्हणून फरक एवढा मोठा दिसला.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. त्याच कातड्याच्या उरलेल्या तुकड्यातून तीन पट्ट्या कापा. एक कपाटात, कागदात गुंडाळून. दुसरी खिडकीत, अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बांधून. तिसरीला तेल लावून तीही खिडकीत, तशीच अर्धी झाकून. दहाबारा दिवसांनी पुठ्ठे काढा. (पट्ट्या ओल्या असताना लोखंडी चिमटा लावू नका. लोखंड आणि टॅनिन भेटले की निळाकाळा डाग पडतो, तो सहज निघत नाही.)

तयार माल फळीवर उघडा ठेवू नका. कापडी पिशवीत, बंद कपाटात ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, ओल धरली तर बुरशी येते. फळीवर एकावर एक पाकिटं ठेवलीत तर खालच्यावर वरच्याची चौकट उमटते. माझ्या एका पट्ट्यावर बक्कलाची सावली अशीच कायमची उमटली होती.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे येतो, कारण माझ्या मते खरी तीच आहे.

चामडं विकत घेणारा माणूस डोळ्यांनी घेत नाही, हाताने घेतो. दुकानात तो काय करतो आठवा. पाकीट उघडतो, मिटतो. कडेवरून अंगठा फिरवतो. दोन बोटांत दाबून जाडी बघतो. मग नाकाशी नेतो. तुमचा वरून काढलेला फोटो यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर देत नाही, नुसती आकृती दाखवतो. मग ते रबराचं का वाटू नये?

कडेपासून सुरुवात करा. तुम्ही कड कशी करता मला माहीत नाही, पण मी आधी कडेचा धारदार कोपरा तासून काढतो, ४०० आणि मग ८०० च्या पॉलिश पेपरने घासतो, डिंकाचं पाणी लावून लाकडी घोटणीने घोटतो, आणि हे सगळं तीन वेळा. त्यात तासभर सहज जातो. ती कड मी फोटोत दाखवली नाही तर तो तास गेला कुठे? पाकीट आडवं, अर्धवट उघडं उभं करा, मोबाइल टेबलाच्या उंचीला आणा आणि कडेवरच फोकस धरा. तीन थर एकजीव झालेले दिसले की बघणाऱ्याला जाडी कळते, आणि हेही कळतं की आत पुठ्ठा भरलेला नाही.

मग पोत. उजेड वरून पडला की चामड्यावरची बारीक रंध्रं बुजतात. उजेड बाजूने, जवळजवळ टेबलाला घासून येऊ द्या. खिडकीचा खालचा भागच उघडा ठेवा, वरचा झाका. समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा करा म्हणजे सावली अगदी काळी होणार नाही. पण कागद फार जवळ आणू नका, सावलीच चामड्याला जीव देते. मोबाइलचं एचडीआर (उजळ आणि गडद भाग आपोआप सारखे करणारी सोय) बंद करता येत असेल तर करा, ते याच सावल्या उजळून टाकतं. टाक्यांचंही तसंच. सॅडल स्टिचचा, म्हणजे तुमच्या दोन सुयांच्या शिवणीचा, टाका किंचित तिरका बसतो, ती तिरकी ओळ आडव्या उजेडातच उठून दिसते.

चमक सगळी मारू नका, एवढं मात्र सांगतो. काही जण पोलरायझर, म्हणजे चमक कापणारी काच, लेन्सवर लावून चामड्यावरची सगळी झळाळी काढून टाकतात. रंग छान भरतो, पण चामडं कापडासारखं दिसायला लागतं. घोटलेल्या अंगावर एक मऊ उजळ पट्टा राहिलाच पाहिजे. त्या पट्ट्याच्या कडा विरघळलेल्या असतील तर डोळा म्हणतो चामडं. कडक पांढरा ठिपका असेल तर म्हणतो प्लास्टिक. तुमच्या वरच्या दिव्याने बहुतेक तेच केलं. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा.

शेवटी माप. नाणं किंवा पट्टी ठेवण्यापेक्षा एक कोरं कार्ड खिशातून अर्धं बाहेर काढून ठेवा. बँकेचं कार्ड जगात सगळीकडे एकाच मापाचं असतं, ८५.६ बाय ५३.९८ मिलिमीटर, आणि प्रत्येकाने ते हजारदा हातात धरलेलं असतं. मापाचे आकडे वाचायची गरजच उरत नाही.

दोनसुया

जुनी आरी, मनापासून आभार. कडेचा फोटो मी तीन वर्षांत एकदाही काढलेला नाही. कड हेच माझं सगळ्यात आवडतं काम, आणि ते कुणी पाहिलंच नाही.

पट्ट्या आज कापल्या. तोवर एक विचारते. कातड्यावर जिवंतपणीच्या खुणा असतात, कधी काट्याचा जुना ओरखडा, कधी मानेकडच्या सुरकुत्या. फोटोत त्या टाळाव्यात का? आणि रंग बदलतो हे वर्णनात लिहिलं तर लोक बिचकणार नाहीत का?

धाग्याचा हिशेब

मी पट्टे आणि पिशव्या विकतो, म्हणून दोन्हीवर बोलतो.

खूण दिसत असेल तर तिचा वेगळा, जवळचा फोटो लावा. लपवलेली खूण सापडली की तो दोष होतो. आधी दाखवलेली खूण त्या कातड्याची ओळख होते, आणि मला तर अशाच वस्तूंसाठी निवडून मागणारे लोक भेटले आहेत. एक मात्र बघा, ओरखडा भरलेला असेल तरच. उघडी चीर असेल किंवा पोटाकडचं ताणलं जाणारं कातडं असेल तर ती खूण नव्हे. तो तुकडा आतल्या खिशालाही लावू नका, सैल होतो.

वर्णनात "अस्सल लेदर" एवढंच लिहून थांबू नका. त्या शब्दाखाली पातळ पापुद्र्यावर रंगाचा थर चढवलेलं कातडंही विकलं जातं. तुमचं वरचं अंग न घासलेलं असेल तर फुल ग्रेन लिहा, कमावणी लिहा, जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, दोरा कसला ते लिहा. आणि हाताने शिवलंय म्हणजे काय तेही लिहा: मशीनच्या टाक्यात दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, एक तुटला की ओळ उसवायला लागते. दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा प्रत्येक भोकातून दोन्हीकडून जातो, एक टाका झिजला तरी शेजारचे धरून राहतात. हे वाचल्यावर लोक किमतीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

किमतीवरून आठवलं. फोटोला लागणारा वेळ तुम्ही मोजता का? मी एकदा घड्याळ लावून दोन घड्यांच्या एका पाकिटाचा हिशेब लिहिला. कापणं ४० मिनिटं, रापीने कडा पातळ करणं ३०, चिकटवणं २०, भोकं ३०, शिवण अडीच तास, कडा ८० मिनिटं, फोटो आणि वर्णन ४५. एकूण साडेसहा तासांच्या वर. तोपर्यंत मी शिवणीचेच तास धरून किंमत लावत होतो, म्हणजे निम्म्याहून जास्त काम फुकट देत होतो. चामडंही वापरलं तेवढंच धरू नका. पोट, पाय, खुणांचे तुकडे धरून मी चौथा हिस्सा वर घेतो. दोरा शिवणीच्या चौपट लागतो, तोही लिहा.

रंग बदलतो हे लिहिल्याने माझं तरी एकही गिऱ्हाईक गेलेलं नाही. पण नुसतं लिहू नका, दाखवा.

उजेड

दाखवायचं असेल तर जुनं आणि नवं एकाच फोटोत, एकाच उजेडात ठेवा. दोन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो जोडले तर फरक चामड्याचा की उजेडाचा, हे कुणालाच कळणार नाही.

दोनसुया

बारा दिवस झाले. आज सकाळी पुठ्ठे सोडले.

कपाटातली पट्टी जशीच्या तशी. खिडकीतल्या कोऱ्या पट्टीवर मधोमध रेघ मारल्यासारखी हद्द आहे. झाकलेली बाजू फिकट, उघडी बाजू गव्हाळ. तेलाच्या पट्टीची झाकलेली बाजूसुद्धा कपाटातलीपेक्षा एक छटा खोल, आणि उघडी बाजू जवळजवळ परत आलेल्या पाकिटाच्या रंगाची. बारा दिवसांत! आणि ते पाकीट दोन महिने तिथे होतं.

काल पांढरा पडदा लावला, वरचा दिवा बंद केला, करडा पुठ्ठा अंथरला. चार फोटो काढले: कडेचा, टाक्यांचा, कार्ड अर्धं बाहेर असलेला, आणि चौथ्यात या तीन पट्ट्या नव्या पाकिटाशेजारी ओळीने मांडून. कडेच्या फोटोत तिन्ही थर दिसतात आणि घोटलेल्या अंगावर तो विरघळलेला उजळ पट्टा आला आहे. पहिल्यांदाच माझं काम मला फोटोत ओळखू आलं.

ज्यांनी पाकीट परत केलं त्यांना पट्ट्यांचा फोटो पाठवला, चूक माझी होती हे सांगितलं आणि कपाटात ठेवलेलं नवं पाकीट देऊ केलं. त्यांचं उत्तर आत्ताच आलं. त्यांना जुनंच हवंय, तपकिरी. फोटोतल्या तिसऱ्या पट्टीकडे बघून म्हणाले की नवंही शेवटी तिथेच पोचणार असेल तर हे दोन महिने पुढे गेलेलं बरं. उद्या पाठवते, या वेळी पिशवीत घालून.